टिंबाला टिंब

क्रँकच्या गरारीवर एक टिंब असतं, कॅमच्या गरारीवर एक असतं. दोन्ही समोरासमोर आणायची, चेन चढवायची, बोल्ट आवळायचा, झालं टायमिंग. दुसरबीडला आमच्या मिस्तरींच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं टायमिंग असंच बसतं आणि त्यावर गाड्या सुखाने चालतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या फियाटचं इंजिन स्टँडवर उघडं टाकून मी त्याच्यापुढे एक गोल चकती घेऊन बसलो, तेव्हा मिस्तरींनी विचारलं त्यात काही चूक नव्हती.

"काहून सर, टिंबाला टिंब तं लागलं. आता काय पाह्यता?"

मी आयटीआयमध्ये मुलांना इंजिन शिकवण्यात नोकरी घालवली. तरी या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. त्यातला अर्धा वेळ पावसाने खाल्ला आणि अर्धा माझ्या चुकांनी. ते उत्तर इथे सावकाश मांडतो.

आधी गाडीबद्दल थोडं. पुतण्या पुण्याला असतो. त्याने जुनी प्रीमियर घेतली आणि तिला 'स्पोर्ट्स' करायचं त्याच्या डोक्यात बसलं. गावातल्या लोकांना याचं हसू आलं, कारण फियाट म्हटलं की इकडे मुंबईची काळी-पिवळी आठवते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी नावं बदलत, चेहरा थोडा थोडा बदलत दशकानुदशकं निघत राहिली. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. पण इंजिनाचं घराणं बघा. 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. हे माप 1937 सालच्या फियाट 508 सी या गाडीपासून चालत आलेलं आहे. ती दान्ते जाकोझा या इंजिनिअरची. त्याच घराण्यातल्या फियाट 1100 च्या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया नावाच्या स्पोर्ट्स गाड्या बांधल्या गेल्या. त्यातली 202 ही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 साली आठ मोटारींच्या प्रदर्शनात शिल्पासारखी मांडली होती आणि पुढे आपल्या संग्रहातही घेतली. चिसितालिया काढणाऱ्याचं आडनाव दुसिओ. हे ऐकल्यापासून मिस्तरी त्याला आपल्याच गावचा समजतात.

सांगायचं ते एवढंच, की पुतण्याचा हट्ट अगदीच वेडगळ नव्हता. मात्र त्याने त्यासाठी कॅमशाफ्ट नव्याने घासून आणला होता आणि मूळ कॅमचं माप बदललं की टिंबाच्या शब्दावर किती विसंबायचं हा प्रश्न उभा राहतो.

कॅम करतो काय, ते एकदा बघून घेऊ. पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत घ्यायचं, वर येताना दाबायचं, ठिणगीने पेटवायचं, खाली ढकलायचं, पुन्हा वर येताना धूर बाहेर काढायचा. पिस्टनच्या या चार फेऱ्यांत क्रँक दोन वेळा फिरतो. इनलेट व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र त्यात एकेकदाच उघडायचे असतात. म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरवतात. क्रँकच्या गरारीला 18 दात असतील तर कॅमच्या गरारीला 36.

वर्गात फळ्यावर आपण असं काढतो, की पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, आला की इनलेट उघडतो आणि बीडीसीला, म्हणजे तळाशी, गेला की बंद होतो. खरं इंजिन असं चालत नाही. पाच हजार आरपीएमला क्रँकची एक फेरी 12 मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवा आत घेण्याच्या अर्ध्या फेरीला हातात सहाच मिलिसेकंद. व्हॉल्व्ह काही टपकन उघडत नाही, कॅमच्या उतारावरून हळूहळू उचलला जातो. हवेलाही वजन असतं, ती हाक मारली की लगेच पळत येत नाही आणि एकदा पळायला लागली की लगेच थांबत नाही.

ओलीत करणाऱ्या माणसाला हे फळ्याशिवाय कळतं. मोटर बंद केली तरी दांडात पाणी असतं आणि ते काही वेळ वाहतच राहतं. जाणता माणूस मोटर बंद झाल्या क्षणी वाफ्याचं तोंड बुजवत नाही, दांडातलं पाणी वाफ्यात उतरू देतो. आणि एक वाफा भरत आला की पहिल्याचं तोंड पूर्ण बंद होण्याआधीच दुसऱ्याचं मोडून ठेवतो, नाहीतर पाणी तुंबून दांड फुटतो. इनलेट व्हॉल्व्ह बीडीसीनंतरही बराच वेळ उघडा का ठेवतात आणि टीडीसीच्या आसपास इनलेट व एक्झॉस्ट दोन्ही थोडा वेळ एकदम उघडे का असतात, याचं उत्तर त्या दांडावर आहे.

आता आकडे. कॅम घासून देणाऱ्याने सोबत एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर 20-60-60-20 एवढंच लिहिलेलं. ते वाचायचं असं: इनलेट टीडीसीच्या 20 अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर 60 अंशांनी बंद होतो, एक्झॉस्ट बीडीसीच्या 60 अंश आधी उघडतो, टीडीसीनंतर 20 अंशांनी बंद होतो. हे सगळे अंश क्रँकचे. कॅमचे नव्हेत. इथे गफलत करणारे मी दर वर्षी दहा-वीस पाहिले आहेत. इनलेट एकूण किती वेळ उघडा? 20 अधिक 180 अधिक 60, म्हणजे 260 अंश. त्याचा मध्य 130 वर. उघडणं टीडीसीच्या 20 आधी सुरू झालं, म्हणून हा मध्य, जिथे व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडलेला असतो तो, टीडीसीनंतर 110 अंशांवर येतो. पुढची सगळी खटपट या एका आकड्याभोवती आहे.

मग टिंबावर भागत का नाही? टिंब म्हणजे कारखान्याने दिलेला शब्द आहे, आणि तो कारखान्याच्या कॅमबद्दल, कारखान्याच्या चेनबद्दल, कारखान्याच्या गरारीबद्दल दिलेला आहे. त्यातलं आमच्याकडे क्रँकशिवाय काहीच उरलं नव्हतं. चेन हजारो किलोमीटर पळाली की तिच्या पिना आणि बुश झिजून ती लांबते. कॅमला ओढणारी बाजू लांबली की कॅम मागे पडतो, म्हणजेच टायमिंग उशिरा होतं, मिस्तरींच्या भाषेत रिटार्ड. कॅम घासताना चावीच्या खाचेच्या हिशेबाने कॅमचं नाक दोन-तीन अंश इकडचं तिकडे झालं तरी डोळ्याला काहीच दिसत नाही. टिंब तरीही टिंबासमोरच असतं!

चेनचा एक दात चुकला तर मात्र सगळ्यांना कळतं. 36 दातांच्या गरारीवर एक दात म्हणजे कॅमचे 10 अंश, क्रँकचे 20. असं इंजिन एक तर चालूच होत नाही, नाहीतर रडत चालतं. टिंबं आहेत ती ही मोठी चूक टाळायला आणि ते काम ती चोख करतात. दोन-चार अंशांचा फरक त्यांच्या नजरेत येत नाही. गाडी चालू होते, फिरते, फक्त चढाला दम सोडते आणि आपण कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

एक समाधान होतं. या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये खाली असतो आणि पुशरॉड वरच्या रॉकरला उचलतात. त्यामुळे हेड फेस करून आणलं तरी क्रँक आणि कॅम यांच्यातलं अंतर बदलत नाही, टायमिंग हलत नाही. मारुती 800 सारख्या इंजिनात कॅम हेडवर असतो. तिथे हेड जितकं घासाल तितका कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि तेवढ्यानेही टायमिंग सरकतं.

चकती मी घरीच केली. सुताराकडून सनमायकाचा तुकडा आणला, 36 सेंटिमीटर व्यासाचा गोल कापला आणि 360 अंशांच्या रेघा मारल्या. एवढा व्यास का? त्याचा परीघ 1131 मिलिमीटर होतो, म्हणजे एका अंशाला तीन मिलिमीटरहून थोडी जास्त जागा मिळते. चष्मा लावणाऱ्या माणसाला तेवढी हवी. चकती क्रँकच्या नाकावर पुढच्या नटाने घट्ट बसवली. काटा म्हणून सायकलचा एक स्पोक घेतला, एक टोक ब्लॉकच्या बोल्टखाली दाबलं, दुसरं वाकवून घासून चकतीच्या काठाशी आणलं.

आता पहिला नंबर पिस्टन टीडीसीला आणून काटा शून्यावर लावायचा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. पिस्टनवर डायल गेज टेकवून काटा जिथे थांबेल तो टीडीसी, असं वाटतं. पण टीडीसीपाशी पिस्टन जवळजवळ हलतच नाही. 75 मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात टीडीसीपासून क्रँक एक अंश फिरवला तर पिस्टन मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा पुरता खाली जात नाही. डायल गेजवर एक रेघही हलत नाही आणि आपण अंश-दीड अंश चुकलेले असतो. झोका अगदी टोकाला जाऊन परततो, तो नेमका कुठे थांबला ते बोटाने दाखवायला सांगावं, तसं आहे हे.

म्हणून पिस्टनला वरपर्यंत जाऊच द्यायचं नाही. हेड अजून चढवलेलं नव्हतं. बोअरवरून एक जाड लोखंडी पट्टी आडवी टाकली, दोन्ही टोकं हेडच्या स्टडवर आवळली आणि पट्टीच्या मधोमध खाली येणारा एक बोल्ट लावला. पिस्टन वर येताना टीडीसीच्या आधीच त्या बोल्टवर टेकतो. (हेड चढलेलं असेल तर जुन्या स्पार्क प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून त्यात बोल्ट बसवायचा आणि प्लगच्या जागी लावायचा, तत्त्व तेच.) क्रँक हाताने सावकाश सुलटा फिरवला, पिस्टन टेकला, चकतीवर वाचलं: टीडीसीच्या अलीकडे 41. मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवला: पलीकडे 35. खरा टीडीसी या दोघांच्या बरोबर मध्ये. बेरीज 76, निम्मे 38. म्हणजे माझा अंदाजाने लावलेला शून्य तीन अंश चुकला होता. पिस्टन टेकलेला तसाच ठेवून काटा वाकवून 38 वर आणला आणि परत दोन्ही बाजूंनी टेकवून पाहिलं. 38 आणि 38. आता शून्याला अर्थ आला.

मिस्तरी एवढा वेळ शेजारच्या ट्रॅक्टरच्या खाली होते. ते बाहेर आले, हात पुसत चकतीकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तं पंचांग झालं."

पुढचं काम कॅमचं. पहिल्या नंबरच्या इनलेटच्या टॅपेटवर पुशरॉड उभा केला आणि त्याच्या माथ्यावर डायल गेज लावलं. गेज मिस्तरींचंच. साखर कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या एका फिटरने त्यांना दिलेलं, काच तडकलेली, पण काटा खरा. क्रँक फिरवत नेला, पुशरॉड उचलत गेला, डायलचा काटा पुढे गेला, थांबला आणि परत फिरला. जिथे थांबला तिथे व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो. पण इथेही टीडीसीसारखंच होतं, कॅमचा माथा सपाट असतो आणि त्यावर काही अंश काटा हलतच नाही. मग तीच युक्ती. कमाल उचलीच्या एक मिलिमीटर अलीकडे चकती वाचायची, माथा ओलांडून एक मिलिमीटर पलीकडे परत वाचायची आणि मध्य काढायचा.

फिरवताना एक पथ्य आहे. क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने, म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवत आकड्यावर यायचं. एक-दोन अंश पुढे गेलात तर तेवढंच मागे आणू नका. मागे फिरवताना चेनची ओढणारी बाजू सैल पडते आणि गेज खोटं बोलायला लागतं. चांगली पाव फेरी मागे जा आणि पुन्हा सुलटे या. या बाबतीत मी पहिल्या दिवशी आळस केला आणि तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे काढले.

जुन्या चेनवर, टिंबाला टिंब लावून, आकडे आले 78 आणि 150. मध्य 114. हवा होता 110. म्हणजे कॅम चार अंश उशिरा. जुनी चेन काढून नवी घातली, परत टिंबाला टिंब: 75 आणि 147. मध्य 111. तीन अंश नुसत्या चेनने खाल्ले होते. मिस्तरींनी जुनी आणि नवी चेन दोन्ही आडव्या धरून बघितल्या. जुनी चेन आडवी धरली की कमरेतून वाकलेल्या माणसासारखी झुकत होती, नवी ताठ राहिली. त्यांनी जुनी चेन शेडच्या दारावरच्या खिळ्याला टांगून ठेवली, गिऱ्हाइकांना दाखवायला.

111 म्हणजे चिठ्ठीपासून एकच अंश दूर. तिथे थांबता आलं असतं. पण इथे पुतण्याचं आणि माझं वाजलं. कॅम उशिरा ठेवला की इनलेट उशिरा बंद होतो, जास्त आरपीएमला हवेच्या पळत्या वजनाचा फायदा मिळतो, गाडी वरच्या वेगाला मोकळी होते. लवकर ठेवला की इनलेट लवकर बंद होतो, पिस्टन वर यायला लागला की हवा इनलेटमधून मागे ढकलली न जाता दाबली जाते, कमी आरपीएमला ओढ मिळते. पुतण्याला टॉप हवा होता. मी त्याला विचारलं, हे 1089 सीसीचं इंजिन घेऊन तू कुठे पळणार आहेस? खंडाळ्याच्या घाटात सेकंड गिअरला गाडी थुंकायला लागली की तुझा टॉप तुला आठवेल का? शिवाय चेन आज नवी आहे, ती झिजणारच आणि झिजली की टायमिंग आपोआप उशिरा होत जाणार. म्हणून सुरुवातच दोन अंश आधी ठेवावी, म्हणजे पुढची काही वर्षं ती आपल्या बाजूला राहील. मी 108 धरले. तो रुसला, पण पैसे त्याचे असले तरी चकती माझी होती.

111 वरून 108 वर यायचं म्हणजे तीन अंश. चेनचा दात 20 अंशांचा, त्याने जमत नाही. यावर वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या सोयी केल्या आहेत. ट्रायम्फच्या इंजिनांत (आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डचं घराणं तेच) कॅमच्या गरारीला चार भोकं असतात आणि ती दातांच्या हिशेबाने मुद्दाम थोडी सरकवून पाडलेली असतात. गरारी पाव फेरी फिरवून लावली की अर्धा दात फरक पडतो, पालथी करून लावली की पाव दात. फार सुरेख अक्कल आहे ही, एका पैशाचा सुटा भाग न वाढवता. आमच्याकडे ती नव्हती. आमच्याकडे क्रँकच्या नाकावरची गरारी अडवणारी चावी होती.

चावी म्हणजे पोलादाचा छोटा तुकडा, निम्मा क्रँकच्या खाचेत, निम्मा गरारीच्या खाचेत. तिचा वरचा निम्मा भाग खालच्या भागाच्या मानाने थोडा बाजूला सरकवला, म्हणजे चावीला पायरी केली, तर क्रँक तिथेच राहतो आणि गरारी पुढे सरकते. किती सरकवायचं? नाकाचा व्यास 30 मिलिमीटर, त्रिज्या 15. तीन अंशांना तिथे 0.79 मिलिमीटर भरतात. 0.8 धरले. कोणत्या बाजूला? इथे पाच मिनिटं बिडी पीत विचार करावा, कारण उलटी पायरी केली तर 108 ऐवजी 114 वर जाऊन बसाल. कॅम आधी आणायचा म्हणजे गरारी फिरण्याच्या दिशेने पुढे हवी. म्हणून चावीचा वरचा भाग समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकलेला. मी बिडी पीत नाही, पण मिस्तरी पितात आणि पायरी कोणत्या बाजूला ते त्यांनीच आधी सांगितलं.

चावी मेहकरच्या लेथवर करून आणली. बसवली. पुन्हा टिंबाला टिंब, पुन्हा चकती. 72 आणि 145. मध्य 108.5. अर्धा अंश सोडून दिला. त्यामागे धावायचं तर माझ्या सनमायकाच्या रेघांची जाडीच तेवढी होती.

हेड चढवल्यावर एक तपासणी राहिली होती आणि ती टाळता येत नाही. कॅम आधी आणला की टीडीसीच्या जवळ इनलेट थोडा जास्त उघडलेला असतो, म्हणजे वर येणाऱ्या पिस्टनच्या जास्त जवळ येतो. उचल वाढवलेला कॅम आणि फेस केलेलं हेड असेल तर दोघांची टक्कर होऊ शकते आणि ती पहिल्याच फेरीत होते. यासाठी शहरात रंगीत माती वापरतात. मी घरून तेल लावलेली कणीक नेली. पहिल्या पिस्टनच्या माथ्यावर तिचा चपटा गोळा ठेवला, हेड चढवलं, रॉकरची फट फिलर गेजने जुळवली, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवला आणि हेड उतरवलं. कणकेवर दोन्ही व्हॉल्व्हचे ठसे चंद्रकोरीसारखे उमटले होते. ठशाच्या सगळ्यात पातळ जागी ब्लेडने काप दिला आणि कडेची जाडी व्हर्नियरने मोजली. इनलेटला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असा रिवाज आहे. आमचे दोन्ही सुखरूप वर होते. कणीक मिस्तरींच्या कुत्र्याने खाल्ली नाही, तेलाचा वास आला असावा.

आता मिस्तरींच्या पद्धतीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण ती मी आधी कमी लेखली होती. चिन्हं पुसलेली इंजिनं ते अशी बसवतात: पहिल्या नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला टीडीसीवर आणायचा. 1-3-4-2 अशा क्रमाने फायर होणाऱ्या इंजिनात त्याच वेळी चौथ्या नंबरचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो, म्हणजे 'वॉल झुलतात'. चौथ्याचे दोन्ही वॉल सारखे उचललेले दिसले की टायमिंग बरोबर. 20-60-60-20 अशा दोन्हीकडे सारख्या कॅमवर हे गणिताने शंभर टक्के खरं आहे. आम्ही दीड अंश आधी ठेवलं होतं, त्यामुळे इनलेट एक्झॉस्टपेक्षा किंचित जास्त उचललेला असायला हवा होता. मी काही न सांगता मिस्तरींना बोटं लावायला सांगितली. त्यांनी दोन्ही रॉकरवर अंगठे ठेवले, क्रँक थोडा हलवला आणि म्हणाले, "इनलेटचा जरासा वर हाय."

सनमायका कापायची काही गरज नव्हती, असं तेव्हा मला क्षणभर वाटलं. जरासा म्हणजे किती, ते त्यांच्या अंगठ्याला सांगता येत नव्हतं आणि चेनचे तीन अंश त्यांनाही जाणवले नव्हते, म्हणून वाटणं टिकलं नाही.

इंजिन चालू करायच्या दिवशी माझीच फजिती झाली. टिंबं समोरासमोर आली की पहिला नंबर फायरिंगवर असतो, हे गृहीत धरून मी डिस्ट्रिब्युटर बसवला. पण क्रँकच्या दोन फेऱ्यांत टिंबं एकदाच भेटतात आणि काही इंजिनांत ती भेटतात तेव्हा फायरिंगवर चौथा असतो, पहिला नुसता धूर काढून वर आलेला असतो. कॅमला याने काही फरक पडत नाही, करंटला पडतो. सेल्फ मारला आणि कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की समोरच्या टपरीवरचा चहा सांडला. शहाण्याने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून, दाब अंगठा उडवतो का ते बघून मग डिस्ट्रिब्युटर बसवावा. हे मी वर्गात वीस वर्षं सांगत होतो. रोटर अर्धी फेरी फिरवून बसवला आणि इंजिन दुसऱ्या सेल्फला पकडलं.

नव्याने घासलेल्या कॅमला पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवायचं नसतं. टॅपेट कॅमवर घासून आपली जागा करतात ते त्याच वेळात, आणि कमी वेगाला तिथे तेल पोचत नाही. दोन ते अडीच हजार आरपीएमवर वीस मिनिटं, वेग थोडा वरखाली करत. कॅमला आधीच मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडलेली. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून जुन्या जालना-मेहकर रस्त्यावर तशी शांतता असते. त्या शांततेत ती वीस मिनिटं फार लांब वाटली. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत होते, थ्रेशर आणलं का म्हणून.

टायमिंग कव्हर शेवटचं लावायच्या आधी मिस्तरींनी एक मुद्दा काढला, तो माझ्या डोक्यातही नव्हता. टिंबं तर समोरासमोरच आहेत. दहा वर्षांनी पुण्याचा कोणी मेकॅनिक हे इंजिन उघडेल, त्याला टिंबाला टिंब दिसेल, पायरीची चावी दिसेल आणि तो म्हणेल, चावी झिजलेली आहे, बाजारातून सरळ नवी आणा. झालं, परत 111. म्हणून कव्हर आतून रॉकेलने पुसून त्यावर ऑइल पेंटने लिहिलं. आकडे माझे: इनलेट 108.5, पायरी 0.8. त्याखाली मिस्तरींच्या अक्षरात, जाड ब्रशने: चावी झिजेल नाही. अशीच हाय.